घर पाहावं शोधून!

१९७२ साली ऑस्ट्रेलियात एक गाणं तुफान गाजलं. गायक होता स्लिम न्यूटन आणि गाण्याचा विषय होता... संडासाच्या बैठकीवर दबा धरून बसलेला कोळी! गाणं विनोदी होतं, लोक पोट धरून हसले. पण त्या हसण्यामागे अनेकांचा स्वानुभव होता. त्या काळापर्यंत तिथल्या गावाकडच्या घरांमध्ये संडास परसात, घरापासून चार पावलं दूर असायचे. पत्र्याची किंवा लाकडाची खोली, आत लाकडी बैठक आणि खाली डबा नाहीतर खड्डा. जाणती माणसं आत गेल्यावर आधी बैठक उचलून बघायची आणि मगच टेकायची. कारण तिच्या खालच्या कडेला ‘रेडबॅक’ कोळ्याची मादी संसार थाटून बसलेली असण्याची शक्यता असायची. जेमतेम एक सेंटिमीटरचा काळाभोर देह आणि पाठीवर लालभडक पट्टा. चावली की तासन्‌तास, कधी कधी दिवसभर असह्य वेदना, दरदरून घाम आणि मळमळ.

एवढं अफाट माळरान, एवढी झाडंझुडपं सोडून या बाईसाहेबांना संडासच का पसंत पडावा?

आपल्याला वाटतं, विषारी प्राणी माणसाच्या वाईटावर टपलेला असतो. कोळ्याच्या मनात तसलं काहीही नसतं. त्याच्या हिशेबी माणूस हा शत्रू नाही आणि भक्ष्य तर नाहीच नाही. माणूस म्हणजे अधूनमधून होणारा भूकंप! कोळी शोधत असतो तो आडोसा. तो आडोसा कसा असावा, याबद्दल त्याच्या अटी मात्र फार काटेकोर असतात. त्या अटी एकदा कळल्या की, आपल्या घरात हात घालण्यापूर्वी कुठं दोनदा बघायचं आणि कुठं निर्धास्त राहायचं, हेही कळतं.

चार अटींचा भाडेकरू

पहिली अट म्हणजे शांतता. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात. पण त्यातल्या बऱ्याच जणांची नजर यथातथाच असते. त्यांचं जग चालतं ते थरथरीवर. पायांवरचे बारीक केस आणि सूक्ष्म चिरांसारखी इंद्रियं यांच्या मदतीनं कोळ्याला हवेची झुळूक कळते, धाग्याचा किंचितसा हेलकावा कळतो. त्यामुळे जी जागा दिवसेंदिवस हलत नाही, ती त्याच्या दृष्टीनं सुरक्षित.

दुसरी अट म्हणजे अंगाला लागून असलेली भिंत. मोकळ्या खोलीत कोळी अस्वस्थ असतो. वरून, खालून, बाजूनं अंगाला काहीतरी टेकलेलं असलं की तो स्थिरावतो. म्हणूनच फट, घडी, कोपरा, नळीचं तोंड या त्याच्या आवडीच्या जागा.

तिसरी अट म्हणजे सोसेल तेवढी ओल. ही जातीनुसार बदलते. काहींना कोरडी ठणठणीत जागा लागते, तर काही दमटपणा नसेल तर सुकून मरतात.

आणि चौथी अट म्हणजे दाराशी खाणं. जाळं विणणारे कोळी किड्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच दुकान मांडतात.

आता परसातल्या त्या संडासाला या चारही अटी लावून बघा. दिवसातला बराच वेळ तिथं शुकशुकाट. बैठकीच्या खाली लाकडाची कोरडी कड. अंधार. आणि माश्यांचा अखंड राबता! रेडबॅकचं जाळं वरवर पाहता गबाळं दिसतं. पण त्याच्या खालच्या टोकाला ताणून बसवलेले चिकट धागे असतात. त्यांना चालता किडा अडकला की धागा तुटतो आणि किडा उचलला जाऊन अधांतरी लोंबकळतो. वर आडोशाला बसलेल्या मादीला फक्त जाळ्याची थरथर कळते. मग ती थरथर झुरळाची असो की माणसाच्या देहाची! चावा कुठं बसत असेल, हे वेगळं सांगायला नकोच.

या विषावरचं प्रतिविष १९५६ साली वापरात आलं. त्याआधी रेडबॅकमुळे माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. पुढं संडास घरात आले, फ्लश आले आणि गंमत म्हणजे चाव्याची जागाही बदलली. हल्ली रेडबॅक चावतो तो प्रामुख्यानं हाताला आणि पायाला. बागेतल्या खुर्चीची खालची कड, रिकामी कुंडी, अंगणात राहिलेले बूट, गॅरेजमध्ये टांगलेलं हेल्मेट... कोळ्याच्या अटी त्याच आहेत. आपण घर बदललं, तसं त्यानंही बदललं, इतकंच.

एका घरात दोन हजार!

अमेरिकेच्या मध्यभागात ‘ब्राउन रेक्लूज’ नावाचा कोळी आढळतो. रेक्लूज म्हणजे एकांतवासी. नावाप्रमाणेच हा भलताच भिडस्त. तपकिरी रंग, पाठीवर व्हायोलिनच्या आकाराची खूण आणि आठाऐवजी सहाच डोळे. याच्या विषानं क्वचित चाव्याभोवतीची कातडी मरते आणि जखम भरायला आठवडे लागतात. त्यामुळे अमेरिकेत याची मोठी दहशत.

निसर्गात हा राहतो झाडाच्या सुटलेल्या सालीखाली आणि दगडांच्या फटींत. घरात साल कुठून आणणार? पण आपण ती आणून ठेवलेली असते. पुठ्ठ्याचे खोके! खोक्याच्या दुमडलेल्या झाकणांमधली अरुंद, कोरडी, अंधारी फट म्हणजे रेक्लूजच्या दृष्टीनं हुबेहूब झाडाची साल. त्यातून घर बदलताना खोकी ट्रकमध्ये चढतात आणि कोळ्याचा फुकटात प्रवास होतो. खोक्यांच्या खालोखाल त्याला आवडतात ते महिनोन्‌महिने न वापरलेले बूट, खुंटीला तसेच राहिलेले कपडे आणि जमिनीवर लोळणारी अंथरुणं.

२००१ साली कॅन्सस राज्यातल्या लेनेक्सा गावी एका जुन्या घरात कोळ्यांची मोजदाद झाली. घरात चौघांचं कुटुंब नांदत होतं. सहा महिन्यांत पकडले किंवा मारले गेलेले ब्राउन रेक्लूज किती असावेत? तब्बल २ हजार ५५! त्यातले सुमारे चारशे माणसाला चावून इजा करू शकतील एवढे मोठे होते. आणि त्या कुटुंबात चावे किती जणांना? एकालाही नाही! कोळीतज्ज्ञ रिक व्हेटर यांचा सहभाग असलेला हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा भल्याभल्यांनी डोळे चोळले.

याचा अर्थ रेक्लूज निरुपद्रवी आहे असा नाही. अर्थ एवढाच की, तो चावायला येत नाही, चिरडला जाताना चावतो. बुटात पाय कोंबला, बाहीत हात घातला, झोपेत कूस वळली आणि मध्ये कोळी सापडला, तरच. त्याचाच दक्षिण अमेरिकी भाऊबंद चिलीच्या घराघरांत असतो. तिथले लोक त्याला सरळ ‘कोपऱ्यातला कोळी’ म्हणतात. भिंतीवरच्या तसबिरीमागे आणि कपाटाच्या पाठीशी त्याचा मुक्काम. त्याचे चावेही प्रामुख्यानं दोनच वेळी होतात. झोपेत किंवा कपडे घालताना!

वाट चुकलेला नवरदेव

आतापर्यंतचे कोळी घर करून राहणारे. सिडनीच्या परिसरातल्या ‘फनेल-वेब’ची कथा मात्र उलटी आहे. या जातीची मादी माणसाच्या वाटेला सहसा जातच नाही. ओलसर मातीतल्या बिळात, दगडाखाली किंवा ओंडक्याखाली नरसाळ्यासारखं रेशमी दार विणून ती वर्षानुवर्षं तिथंच राहते. माणसाची गाठ पडते ती नराशी.

वयात आलेला नर उन्हाळ्याच्या आणि शरदाच्या दिवसांत, म्हणजे तिथल्या नोव्हेंबर ते एप्रिलच्या सुमाराला बीळ सोडून वधूसंशोधनाला निघतो. रात्रभर भटकतो. पहाट झाली की त्याची पंचाईत होते. ऊन आणि कोरडी हवा त्याला सोसत नाही. मग मिळेल त्या गारव्यात शिरायचं! दाराखालच्या फटीतून आत आलं की समोर काय असतं? न्हाणीघरात पडलेला ओला टॉवेल, जमिनीवर टाकलेले धुवायचे कपडे, घामट बूट. गुळगुळीत काचेवर त्याला चढता येत नाही, त्यामुळे तो सापडतो तो जमिनीलगत. कित्येक नर पोहण्याच्या तलावात पडतात. अंगावरच्या केसांत हवेचा बुडबुडा धरून ते एखादा दिवसही तग धरतात. मेला म्हणून हातानं उचलायला जावं, तर तो जिवंत असतो!

दुर्दैवाची गोष्ट अशी की, सिडनीच्या या जातीत मादीपेक्षा नराचंच विष माणसाला अधिक घातक असतं. त्यामागचं कारण २०२० साली क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढं आणलं. बिळाबाहेर भटकणाऱ्या नराला पक्षी, सरडे यांच्यापासून जीव वाचवायचा असतो. त्यांना वेदना देणारं अस्त्र त्याच्या विषात तयार झालं. माणूस त्याच्या गणितात नव्हताच. पण हे अस्त्र माणसाच्या मज्जातंतूंवरही अचूक चालतं. कुत्र्या-मांजरांना मात्र त्याची फारशी बाधा होत नाही.

१९८१ पर्यंत या कोळ्यानं १३ बळी घेतल्याची नोंद आहे. त्यात लहान मुलंही होती. त्या वर्षी डॉ. स्ट्रुआन सदरलँड यांनी मेलबर्नच्या प्रयोगशाळेत तयार केलेलं प्रतिविष पहिल्यांदा रुग्णाला दिलं गेलं आणि तेव्हापासून आजतागायत फनेल-वेबच्या चाव्यानं एकही मृत्यू झालेला नाही. या औषधासाठी लागणारं विष नराच्या दातांतून थेंबाथेंबानं गोळा करावं लागतं. सिडनीच्या उत्तरेला असलेल्या ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कमध्ये हे काम चालतं आणि त्यासाठी नागरिक आपल्या घरात सापडलेले कोळी बरणीत घालून आणून देतात. ज्याची भीती, त्यालाच जपून उचलायचं आणि औषधाच्या कामी लावायचं!

जुन्या अटी, नव्या जागा

माणूस नवनव्या वस्तू बनवतो आणि कोळी त्यात आपलं जुनं घर शोधतो. १९९५ साली जपानच्या ओसाका भागात रेडबॅक सापडला तेव्हा तिथं खळबळ उडाली. ऑस्ट्रेलियाचा हा पाहुणा मालवाहतुकीबरोबर आला असावा, असा कयास आहे. तो राहिला कुठं? गटारावरच्या जाळीखाली, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या पोकळीत, रस्त्याकडेच्या वस्तू विकणाऱ्या यंत्रांच्या मागं. यंत्राची ऊब, जाळीखालचा अंधार आणि किड्यांची ये-जा... रेडबॅकला आणखी काय हवं? आज तो जपानच्या बहुतेक प्रांतांत पोहोचला आहे.

२०११ साली तर एका कोळ्यानं मोटार कंपनीला घाम फोडला. माझदा कंपनीनं उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ६५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. कारण? पेट्रोलच्या टाकीशी जोडलेल्या हवेच्या बारीक नळीत पिवळा थैलीकोळी जाळं विणत होता. नळी तुंबली की टाकीत दाब बिघडून तिला तडा जाण्याचा धोका. हा कोळी रानात पान गुंडाळून त्याची रेशमी थैली करतो आणि दिवसा त्यात झोपतो. त्याला नळी म्हणजे गुंडाळलेलं पानच वाटलं असेल!

आपल्या घरचं काय?

इतकं वाचल्यावर भिंतीवरच्या कोळ्याकडे संशयानं बघू नका. जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जाती आहेत. जवळजवळ सर्वांनाच विष असतं. पण ते किड्यांपुरतं. माणसाला खरोखर धोकादायक ठरणाऱ्या जाती त्या मानानं अगदीच मोजक्या.

आपल्याकडे देवाच्या तसबिरीमागून रात्री निघणारा, पंजाएवढा पसरलेला तपकिरी कोळी बहुतेकांनी पाहिला असेल. पोटाखाली पांढरी चपटी टिकली धरून पळणारी त्याची मादी म्हणजे अंड्यांची थैली जपणारी आई. हा कोळी जाळं विणत नाही, धावून झुरळं पकडतो. डिवचला तर चावतो, दुखतंही. पण जीव जात नाही. तसबिरीच्या मागची चपटी फट, तिथली शांतता आणि स्वयंपाकघरातली झुरळं. अटी पुन्हा त्याच!

महाराष्ट्रात या अटींचा जीवघेणा अनुभव आहे तो कोळ्याच्या नात्यातल्या विंचवाचा. कोकणातला लाल विंचू दिवसा दगडाच्या सांदीत, जळणाच्या मोळीत, रचून ठेवलेल्या कौलांत आणि पायताणांत लपतो. एकेकाळी त्याच्या दंशानं गावोगावी लहान मुलं दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबावरचं स्वस्त औषध त्यावर वापरायला सुरुवात केली आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्रीनं गौरवण्यात आलं. औषध आलं, तरी अंधारात मोळीत हात घालू नये हा आजीचा सल्ला जुना झालेला नाही.

आणि घबराटीचा धडा आहे आसामचा. २०१२ साली तिथल्या सदिया भागात मोठे कोळी चावत असल्याची आवई उठली. दोन मृत्यूंच्या बातम्या आल्या, लोक रात्री जागून काढू लागले. दगावलेल्यांना आधी मांत्रिकाकडे नेऊन जखमेवर ब्लेडनं चिरे पाडल्याचंही तेव्हा प्रसिद्ध झालं. मृत्यू कोळ्याच्या विषानंच झाले, हे काही सिद्ध झालं नाही. कोळ्यापेक्षा ब्लेडची भीती जास्त बाळगावी, असा हा प्रकार!

डॉक्टरी जगातही कोळ्यावर खोटे आळ येतात. ऑस्ट्रेलियात कोळी प्रत्यक्ष पकडून ओळख पटवलेल्या ७५० चाव्यांचा अभ्यास झाला. त्यात गंभीर त्रास झालेले रुग्ण ४४ आणि कातडी सडलेला एकही नाही. अमेरिकेत तर जिथं ब्राउन रेक्लूज राहतच नाही, अशा राज्यांतही त्याच्या चाव्याचं निदान होत आलं आहे. चिघळलेला फोड म्हणजे कोळी, असं समजून बसलं की खरा जंतुसंसर्ग किंवा मधुमेह तसाच राहून जातो. आपल्याकडेही पुरळ उठला की ‘अंगावरून कोळी गेला’ म्हणून लेप लावत बसायची सवय आहे. ती सोडायला हवी.

हलवा, झटका, बघा

कोळ्याला सर्वात नकोशी गोष्ट कोणती? विषारी फवारा नव्हे, तर रोजची ढवळाढवळ! ज्या जागा हलतात, तिथं तो टिकत नाही. म्हणून...

● बूट, पावसाळी गमबूट, हेल्मेट आणि बागकामाचे हातमोजे घालण्यापूर्वी उलटे करून झटका. मुलांच्या शाळेच्या बुटांना सुट्टीनंतर हा नियम सक्तीचा.

● माळ्यावरची पुठ्ठ्याची खोकी आणि रद्दी शक्य तितकी कमी करा. ठेवायचंच असेल ते घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा ट्रंकेत ठेवा.

● पलंग भिंतीपासून वीतभर पुढं घ्या आणि चादर जमिनीवर लोळू देऊ नका. ओले टॉवेल, कपडे जमिनीवर टाकू नका.

● जळण, विटा, कौलं घराच्या भिंतीला लावून रचू नका. तिथं हात घालायचा तो उजेडात आणि जाड हातमोजे घालून.

● दाराखालची फट बुजवा आणि झुरळं आवरा. खाणावळ बंद झाली की गिऱ्हाईकही जातं.

कोळी चावलाच, तर जागा साबण-पाण्यानं धुवा, थंड पट्टी ठेवा आणि चावलेला भाग शांत ठेवा. चिरा देणं, रक्त चोखणं, दोरी आवळणं हे पूर्ण वर्ज्य. वेदना पसरू लागली, घाम सुटला, श्वास लागला किंवा चावलेली व्यक्ती लहान मूल असेल, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. जमलं तर कोळ्याचा फोटो काढून सोबत न्या. पण फोटोसाठी त्याच्या मागं धावू नका!

दिवाळीच्या तोंडावर घराघरांत माळे उतरतील, ट्रंका उघडतील, जळमटं निघतील. वर्षभर न हललेल्या गोष्टी त्या दोन-चार दिवसांत हलतात आणि कोळ्याचा मुक्कामही नेमका त्यांच्यातच असतो. तेव्हा आधी उजेड, मग केरसुणी आणि शेवटी हात, हा क्रम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कोळ्याला तेवढ्यात निघून जायला वेळ मिळतो आणि तुमच्यावरचं संकट टळतं. त्यालाही खरं तर तेच हवं असतं!